साडेपाच किलोंचा फायदा

मोजून सांगते. बंद बोट क्लबच्या शेडमध्ये एक होडी, एक डोलकाठी, एक सुकाणू, उंदरांनी चार ठिकाणी कुरतडलेलं शीड आणि भिंतीवर एक फळा. फळ्यावर लिहिलेलं: 'शिडाच्या होड्यांची शर्यत, १९५६. पहिले : आप्पासाहेब, १४ मिनिटे २२ सेकंद. दुसरे : रंगनाथ, १४ मिनिटे २६ सेकंद.'

रंगनाथ म्हणजे माझे आबा, साखर कारखान्यातले सुतार. त्यानंतर कारखान्याचा बोट क्लब बंदच पडला, आणि ते चार सेकंद चाळीस वर्षं आबांच्या घशात अडकून बसले.

"बारा होड्या हुत्या, भारते! बारा पांढरी शिडं! बाया धुणं तसंच सोडून बंधाऱ्यावर बघत बसायच्या." एवढं बोलून आबा प्रवरेकडे बघत राहायचे. प्रवरेत तेव्हा दगड आणि म्हशी.

१९९६ च्या मार्चात धरणातून शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं. बंधारा नऊ दिवस भरलेला राहणार होता. आबा एकाहत्तर वर्षांचे. म्हणाले, "एकदा होडी घिऊन त्याच वाटंनं जातो. पुढच्या साली पानी असंल, मी असंन, कुनी सांगावं?"

मी नुकतीच भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेले. "चार सेकंद? मी काढून देते!"

आबा शीड शिवायला बसले. मला एकच काम सांगितलं. "होडी आठ दिस पान्यात बुडवून ठिव. आत दगडं घाल."

"हो," मी म्हणाले.

बुडवून? लाकूड पाणी पितं, वजन वाढतं, वेग घटतो! मी होडी गुपचूप उन्हात उलटी टाकली. आडत्याच्या काट्यावर वजन केलं, ९४ किलो. आठ दिवसांनी साडेअठ्ठ्याऐंशी! साडेपाच किलो गायब! माझ्या गणिताने सहा सेकंदांची बचत. वरून निळा रंग फासला. होडी आकाशकंदिलासारखी हलकी झाली!

नवव्या दिवशी आप्पासाहेब जुनं स्टॉपवॉच घेऊन हजर. "रंगनाथ, पोहता येतंय ना अजून?"

"तुमी घड्याळाला चावी द्या, आप्पासाहेब. तोंडाला नगं."

शिट्टी झाली. शीड फुगलं. आबा गुडघ्यांवर बसून सुकाणू धरून हसत होते. तसे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शंभर मीटर आम्ही अक्षरशः उडालो. मग माझ्या पायांना गार लागलं.

"आबा, पाणी!"

"नदी हाय. पानीच असनार."

"आबा, आत!"

दर दोन फळ्यांमधून एकेक कारंजं. एकूण अकरा.

"भारते, होडी बुडवली हुतीस ना?"

मी डब्याने पाणी उपसू लागले.

"भारते!"

"वाळवली."

"वाळवली? आगं, सुकलं लाकूड आकसतंय! पानी पिऊन फुगल्याबिगर फटी मिटत न्हाईत! बी.एस्सी. कशात केलीस, पापडात?"

पलीकडच्या टोकाला पिंपळापाशी परतीचं वळण घेतलं आणि होडी म्हशीसारखी शांतपणे पाण्यात बसली. पाणी छातीएवढं. वर फक्त डोलकाठी आणि शीड. आम्ही दोघं चिखलात उभे.

"पिंपळाला वळलो का न्हाई?" आबांनी विचारलं.

"वळलो."

"मग शर्यत चालू हाय." त्यांनी होडीचा दोर खांद्यावर घेतला आणि ओढू लागले.

मी काठाकडे ओरडले, "आप्पासाहेब, घड्याळ थांबवा!"

"तो रेषेवर आल्याशिवाय कसं थांबवू?" आप्पासाहेब काठाने आमच्या बरोबरीने चालत होते. अर्ध्या वाटेवर आबांना दम लागला, दोर ढिला पडला. आप्पासाहेबांनी टोपी काढून दगडावर ठेवली, धोतर खोचलं आणि सरळ पाण्यात उतरले. एका हाताने घड्याळ डोक्यावर धरलं, दुसऱ्या हाताने दोर.

"डावीकडं घे, रंगनाथ. वारा भरतोय."

"दिसतंय मला!"

"छप्पन सालीही हेच म्हणाला होतास."

"तवा बी दिसतच हुतं!"

दोन म्हातारे, एक दोर, आणि मागून पाण्यातून सरकणारं एक पांढरं शीड. मी मागून ढकलत होते.

होडीचं नाक रेषेला लागलं. आप्पासाहेबांनी बटण दाबलं.

"किती?" आबांनी धापा टाकत विचारलं.

"एक तास, बावन्न मिनिटे, सात सेकंद. दोघांचीही," आप्पासाहेब म्हणाले.