कवळ्यांची गुपितं

‘तुमचा कॉम्प्युटर मंद चालतो का?’ दातांच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर प्रश्न आला, आणि काउंटरवरच्या ताईंना कोण आनंद झाला! एवढ्या आपुलकीनं त्यांना घरीसुद्धा कुणी काही विचारत नव्हतं. त्यांनी चटकन ‘हो’ दाबलं.

झालं! पडदा लालभडक झाला, भोंगा केकाटायला लागला आणि ठसठशीत अक्षरं उमटली, ‘तुमची सगळी खाजगी माहिती आमच्या हातात आहे. ताबडतोब पैसे भरा, नाहीतर जगजाहीर करू.’

गावातली निम्मी प्रतिष्ठित तोंडं त्या कॉम्प्युटरात होती. कुणाचे दात खरे, कुणाची कवळी, सगळं! डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “इथली गोष्ट बाहेर गेली, की तुमची नोकरी गेली.” आणि मॅडम तर आत एका दाढेशी झुंजत होत्या. मध्ये दार वाजवायची कुणाची छाती?

ताईंनी कॉम्प्युटरवाल्या भाऊंना फोन लावला. “निघालोच. कशाला हात लावू नका,” म्हणाले. पण ते येईपर्यंत काय? माहिती चोरीला गेली, तर ज्याची असेल त्याला आधी कळवायचं, असं भाऊंनीच मागे सांगितलं होतं. ताईंनी सेवानिवृत्त हेडमास्तरांचा नंबर फिरवला. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, फोन उचलला.

“सर अंघोळीला गेलेत. मला सांगा.”

“काकू, घाबरू नका हं. सरांच्या कवळीची माहिती चोरांना मिळालीय.”

“काय म्हणालात? थांबा, स्पीकरवर टाकते. कसली कवळी?”

काकूंना माहीतच नाही! आता यांचं सांत्वन तरी कसं करायचं?

“अहो, एकट्या सरांचीच नाही काही,” त्या घाईघाईनं म्हणाल्या, “तुमच्या कवळीचीसुद्धा गेलीय.”

“तुझी?” मागून हेडमास्तरांचा ओला, खणखणीत आवाज आला. “तुझी कसली कवळी?”

फोन कट झाला. ताई मटकन खुर्चीत बसल्या. गेली नोकरी!

एवढ्यात भाऊ आले. त्यांनी दोन बटणं दाबली, भोंगा थांबला. “अहो ताई, फुसकी धमकी आहे ही! इथून एक अक्षर बाहेर गेलेलं नाही.”

“नक्की ना?” दाढ उपटून बाहेर आलेल्या मॅडमनी विचारलं. ताई काही बोलणार तोच समोर हेडमास्तर आणि काकू उभे! ताईंना टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

“मॅडम,” हेडमास्तर गंभीरपणे म्हणाले, “या बाईंनी फोन केला.”

“आणि फार उपकार केले!” काकूंना हसू आवरेना. “इतकी वर्षं मी रोज यांना झोप लागायची वाट बघायची कवळी काढायला, आणि हे माझ्या झोपेची! दोघंही टक्क जागे!”

मॅडमनाही हसू फुटलं. ताईंच्या जिवात जीव आला.

“आमच्या शेजारचे वकील आणि त्यांची बायकोही झोप नाही म्हणून कुरकुरतात,” हेडमास्तर म्हणाले. “त्यांचंही असंच काही आहे का हो?”

ताई ताठ उभ्या राहिल्या. आता त्या फसणार नव्हत्या.

“नाही हं सर,” त्या ठामपणे म्हणाल्या, “ज्यांना आम्ही कवळी बसवलीय, त्यांच्याबद्दल आम्ही बाहेर एक शब्द बोलत नाही.”

मॅडमनी कपाळावर हात मारला.