नव्या साखळीची दातसफाई

गवत कापायच्या यंत्राची कोरी करकरीत साखळी दंतवैद्याने व्हरांड्यात वर्तमानपत्रावर पसरली, नाकावर चष्मा चढवला आणि तो हळहळला. "अरेरे! काय ही अवस्था!"

साखळीची अवस्था उत्तम होती. ती काल संध्याकाळीच दुकानातून आली होती. पण तिच्या कड्याकड्यांतून पिवळट, चिकट असं काहीतरी बसलेलं होतं, आणि फटीत साचलेलं काहीही दिसलं की या माणसाचे हात शिवशिवत. वीस वर्षांची सवय. अशी सहजासहजी जाते थोडीच?

यंत्र सासऱ्यांचं होतं. सासरे कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्यांनी जावयाच्या हातात कधी पाना दिला नव्हता. "राहू द्या जावईबापू, तुमचे हात नाजूक कामाचे," असं ते गोड हसून म्हणत आणि जावयाला ते मेल्याहून मेल्यासारखं होई. यंदा त्यांची कंबर धरली म्हणून यंत्र पहिल्यांदाच इकडे आलं. येताना एकच सूचना होती, साखळीला तेल देत जा. डॉक्टरांनी ती सूचना उद्यावर ढकलली, आणि गुरुवारी अंगणाच्या मधोमध साखळी तुटली. आज रविवार. बारा वाजता सासरे यंत्र न्यायला येणार होते. साखळी तुटल्याचं त्यांना कळलं असतं, तर यंत्र सोडाच, त्या घरात स्क्रू पिळायचीही सोय उरली नसती.

दुकानदाराने साखळी देताना बरंच काही सांगितलं होतं. पण नेमका तेव्हा एका पेशंटचा फोन आला. दाताची कॅप निघाली होती आणि ती गिळली गेली की काय, असा प्रश्न होता. त्यामुळे दुकानदाराच्या बोलण्यातलं 'तेल' तेवढं डोक्यात राहिलं.

डॉक्टरांनी वाटीत रॉकेल घेतलं आणि जुना टूथब्रश काढला. कड्या भरल्या एकशे बारा. म्हणजे आठ-आठचे चौदा भाग, असा त्यांनी हिशेब केला आणि वरच्या उजव्या बाजूने सुरुवात केली. ब्रश पोहोचेना तिथे दातांत फिरवायचा दोरा फिरवला. दीड तासाने साखळी अशी लखलखली की तिच्यात तोंड पाहून भांग पाडावा.

"झालं का रे?" आतून बायकोने विचारलं. "आईबाबा निघालेत."

"झालंच! फक्त बसवायची!"

साखळी बसली, यंत्र सुरू झालं आणि असा काही कर्कश चीत्कार उठला की शेजारचे काका कुंपणापाशी धावत आले.

"डॉक्टर, रविवारीसुद्धा दाढा काढता? तेही भूल न देता?"

डॉक्टरांनी यंत्र बंद करून घाईघाईने दुकानदाराला फोन लावला.

"साखळी ओरडतेय हो!"

"ओरडायची नाही. ते चिकट ग्रीस काढलं नाहीत ना?"

"थोडंसं काढलं."

"थोडंसं म्हणजे?"

"म्हणजे... काहीच राहिलेलं नाही."

पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "साहेब, ते कारखान्यातनंच आत भरून येतं. काल मी तीनदा सांगितलं. आता एकेका कडीच्या सांध्यात थेंब-थेंब तेल सोडा, तासभर मुरू द्या, वरचं सगळं पुसा. मग झाकण लावून चालवा."

घड्याळात साडेअकरा वाजले होते. तासभर मुरवायला तास होता कुठे? जे थेंबाने तासात होतं, ते बाटलीने मिनिटात व्हायला हवं, असा विचार करून डॉक्टरांनी अर्धी बाटली साखळीवर उपडी केली. पुसण्यात वेळ घालवला नाही. तेल नीट फिरतंय का ते दिसावं म्हणून झाकणही लावलं नाही. यंत्र सुरू केलं.

आणि काय आश्चर्य! आवाज गायब! साखळी लोण्यातून फिरावी तशी फिरत होती. डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी वेग वाढवला.

मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं.

व्हरांड्याची ती भिंत बायकोने गेल्याच आठवड्यात, चार रंगाऱ्यांशी भांडून, शुभ्र पांढरी करून घेतली होती. तिच्यावर आता गुडघ्याच्या उंचीला, चांगली तीन-चार हात लांब, काळपट तेलाच्या ठिपक्यांची ओळ उमटली होती. डॉक्टरांनी फडकं घेऊन पुसलं, तेव्हा ओळीचा पट्टा झाला. शेवटी त्यांनी त्यांचा हुकमी उपाय काढला, दात पांढरे करायची पेस्ट. त्याने भिंतीला पुदिन्याचा छान वास यायला लागला. पट्टा होता तिथेच होता.

तेवढ्यात फाटक वाजलं. सासूबाई "हुश्श" करत थेट आत लेकीकडे गेल्या. सासरे मात्र कंबरेवर हात ठेवून अंगणातच थांबले. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, वाटीतल्या रॉकेलकडे पाहिलं, ब्रशकडे पाहिलं आणि भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या जावयाकडे पाहिलं. जावयाच्या कपाळावरून तेल ओघळत होतं.

"बाबा, साखळी तुटली होती," डॉक्टर एका दमात बोलून गेले. "मी तेल दिलं नव्हतं. नवी आणली. ती धुतली. चूक झाली."

सासरे दोन पावलं पुढे आले. त्यांनी बोट लावून भिंतीवरचा एक ठिपका चाचपला, बोट नाकाशी नेलं आणि दाराकडे हळूच नजर टाकली.

"ब्रशने धुतलीत?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"हो."

"मी रात्रभर भिजत घातली होती."

"तुम्ही?"

"नोकरीच्या पहिल्या वर्षी. नवा फिटर, अंगात मस्ती. वर अख्खी बाटली ओतली. आमच्या मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट बघितलंत ना? चाळीस वर्षं ते मी कुणाला हलवू दिलेलं नाही. त्याच्यामागे असाच पट्टा आहे. तुमच्या सासूबाईंना ठाऊक नाही. आणि व्हायलाही नको."

बारा वर्षांत सासऱ्यांनी त्यांना पहिल्यांदाच काहीतरी विश्वासाने सोपवलं होतं.

"तो बाक बघा," सासरे व्हरांड्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "पाठ उंच आहे त्याची. तुम्ही ती बाजू धरा, मी ही धरतो."

"तुमची कंबर?"

"कंबर गेली खड्ड्यात! उचला!"

दोघांनी बाक उचलून भिंतीशी टेकवला. सासरे चार पावलं मागे गेले, एक डोळा मिटून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. "शाबास. हात बरा आहे तुमचा."

तेवढ्यात बाजूच्या खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला, "अहो, बाक दोन विती डावीकडे घ्या. इकडनं अजून दिसतंय."

दोघेही होते तिथेच थिजले.

"आणि डॉक्टर," सासूबाई चहाचा कप लेकीच्या हातात देत शांतपणे म्हणाल्या, "रंगारी आला की त्याला आधीच सांगून ठेवायचं, बाकामागे हात लावू नको म्हणून. मी चाळीस वर्षं त्या कपाटाबद्दल तेच सांगत आलेय. हिलाही आत्ताच शिकवलंय."

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं नाही आणि जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. दोघांनी निमूटपणे बाक उचलला आणि दोन विती डावीकडे ठेवला.