बकुळा इज ऑल्सो

"निघाले का ओ ते?" बकुळाबाईंनी आतून चौथ्यांदा विचारलं.

बाहेरच्या खोलीत दत्ताराम तांबे इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलकडे बघत बसले होते. रविवारची दुपार होत आली होती. मुलगा सम्यक याच्या लग्नाची तारीख ठरवायला फणसवाडीहून गमरे मंडळी घोडपदेवला जेवायला येणार होती. दीपिका, म्हणजे गमऱ्यांची मुलगी, सगळ्यांना पसंत होती. दत्तारामांना भीती फक्त तिच्या वडिलांची वाटायची. राजरत्न गमरे बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले आणि इंग्रजी पेपर हातात पेन घेऊन वाचणारे. चूक सापडली की गोल करायचे.

"फोन लावा ना! वडे गार झाले तर काय राहिलं त्यात?"

"फोन केला तर वाटेल, घाई करतायत. मेसेज टाकतो. इंग्लिशमध्ये."

बकुळाबाई झारा हातात घेऊन बाहेर आल्या. "मराठीत काय झालं?"

पण दत्ताराम रिटायर झाल्यापासून मोबाइलवर इंग्रजी शिकत होते, आणि या आठवड्यात नेमके वाट बघण्याचे शब्द चालू होते. 'हँग ऑन' म्हणजे 'जरा थांबा', हे कळल्यावर त्यांना धक्काच बसला होता. ऑफिसात साहेब फोनवर तसं म्हणाले की आपली नोकरी टांगणीला लागली असं समजून ते इतकी वर्षं घामाघूम होत आले होते.

"हे बघ," त्यांनी समजावलं, "बसस्टॉपवर आपण करतो ते वेट. बस येईल, नाही येईल, काही भरवसा नाही. पण माणूस नक्की येणार आहे आणि आपण आनंदाने वाट बघतोय, तर एक्स्पेक्ट. नुसतं वेट लिहिलं तर पाहुण्यांची बस केल्यासारखं होईल."

"लिहा काय ते. आणि माझंपण लिहा, नायतर म्हणतील विहीणबाईंना काय पडलेली नाय."

दत्तारामांनी दोन्ही घरांच्या ग्रुपवर, ज्यात परळला दिलेली मुलगी मानसी आणि पार चिपळूणपर्यंतचे नातेवाईक होते, मेसेज टाकला : 'डिअर ऑल, वी आर एक्स्पेक्टिंग. बकुळा इज ऑल्सो एक्स्पेक्टिंग. प्लीज डोन्ट डिले.'

निळ्या खुणा भराभर उमटल्या. उत्तर कोणाचंच आलं नाही.

"बघ," दत्ताराम खूश होऊन म्हणाले, "गप्प झाले सगळे."

अर्ध्या तासाने गमरे पतिपत्नी आले. दीपिका आलीच नव्हती. राजरत्न दारातच थांबले. चप्पलही काढेनात. सुभद्राबाई मात्र तडक आत गेल्या आणि त्यांनी बकुळाबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या काढून घेतला.

"तुम्ही बसा बघू आधी. ओझं उचलू नका."

"ओझं कसलं? पाणी आहे."

"या वयात जपायला हवं, विहीणबाई."

बकुळाबाईंना ही माया जरा जास्तच वाटली, पण मुलीकडची माणसं म्हणून त्या हसल्या आणि गॅसकडे वळल्या.

बाहेर राजरत्न अजून उभेच होते. "तांबेसाहेब, मी सरळ माणूस आहे. तुम्ही एक्स्पेक्ट करताय, असं लेखी कळवलंत. बरं केलंत. आता तोंडी सांगा, काय एक्स्पेक्ट करताय?"

"तुम्हालाच, साहेब! दुसरं काय?"

"आम्हाला? म्हणजे आमचं घरदार?"

"सगळंच आलं त्यात," दत्ताराम हात जोडून म्हणाले. "तुम्ही आलात, आता दीपिका पण यायला पाहिजे. हातचं काही राखू नका."

राजरत्नांचे कान लाल झाले. "हुंडा ना घ्यायचा ना द्यायचा, हे पहिल्याच बैठकीत ठरलं होतं. विहारात साधं लग्न, असं तुम्हीच म्हणालात. आणि आता नवराबायको दोघंही एक्स्पेक्ट करताय, वर डिले करू नका म्हणताय?"

"हुंडा?" दत्ताराम खुर्चीचा आधार शोधू लागले.

आत सुभद्राबाई बकुळाबाईंच्या कानाशी लागल्या होत्या. "कितवा?"

कढईतला घाणा काढत बकुळाबाई म्हणाल्या, "तिसरा."

"बाई गं! तरी उभ्या आहात?"

"त्यात काय? अजून दोन काढायचेत."

"अजून दोन?"

"मग? माणसं बोलवायची आणि कमी पडू द्यायचं? यांनाच हौस. मी म्हटलं, तुम्हाला हौस तर मी पण कंबर कसते."

सुभद्राबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. "अहो, हुंड्याचं काय घेऊन बसलात! विहीणबाईंना दिवस गेलेत. तिसरा महिना. आणि अजून दोन मुलं करायची म्हणतायत!"

दत्ताराम मटकन बसले. "बकुळा," त्यांनी क्षीण आवाजात हाक मारली, "मला सांगायचंस तरी."

तेवढ्यात सम्यक धापा टाकत आत शिरला. तो सलूनमधून पळत आला होता. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्यावर फेस.

"बाबा! काय लिहिलंत ते? दीपिका रडतेय तिकडे!" त्याने फेस पुसत एका दमात सगळं सांगितलं. नुसतं एक्स्पेक्टिंग म्हटलं की इंग्रजीत त्याचा अर्थ गरोदर. अपेक्षा धरणं, हाही अर्थ. तुम्हाला म्हणायचं होतं, वाट बघतोय.

 राजरत्न गमरे हसले. आधी नाकातून, मग पोट धरून. चपला काढून ते आत येऊन बसले. "लग्न लावायला आलो आणि बारसं ठरवून जाणार होतो!" दीपिकाला ताबडतोब फोन गेला. बकुळाबाई मात्र झारा उगारून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"बावन्नाव्या वर्षी! अख्ख्या चिपळूणला कळवलंत? पुसा ते!"

"सगळ्यांनी वाचलंय गं."

एवढ्यात दार ढकलून मानसी आली. आल्या आल्या बापावरच घसरली.

"बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं? हर्षदने ना? त्याला शंभर वेळा बजावलं होतं, डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय, इतक्यात कोणाला बोलू नको. आणि तुम्ही डायरेक्ट ग्रुपवर? पहिली ओळ वाचली आणि मी टॅक्सी पकडली!"

हर्षद म्हणजे तिचा नवरा.  मानसीने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "म्हणजे... तुम्हाला माहीत नव्हतं?"

सुभद्राबाई उठल्या, पाण्याचा तो तांब्या पुन्हा उचलला आणि म्हणाल्या, "बस बाळ. ओझं उचलू नकोस."

बकुळाबाईंनी झारा टाकून लेकीला जवळ घेतलं. दत्ताराम डोळे पुसून ताठ बसले. "गमरेसाहेब, वी आर एक्स्पेक्टिंग. आता सांगा, काय चुकलं होतं माझं?"

राजरत्नांनी मोबाइल हातात घेऊन मेसेज परत वाचला. खिशातलं पेन काढलं, जरा विचार केला, आणि परत खिशात ठेवलं.

तेवढ्यात बकुळाबाईंचा फोन वाजला. चिपळूणची धाकटी बहीण होती. आवाज चाळीच्या गॅलरीपर्यंत पोचत होता.

"ताई, अगं काय हे या वयात! पण लोकांचं मनावर घेऊ नकोस. बाळंतपणाला मी येते."

बकुळाबाईंनी मानसीकडे पाहिलं. ती वाटीभर रस्सा समोर ओढून वडा मोडत होती.

"ये," त्या म्हणाल्या. "आणि डिंकाचे लाडू जरा जास्तच आण."

आणि बाळंतपण कोणाचं, ते न सांगताच त्यांनी फोन ठेवला.