हिरवी इटालियन आणि करीममामू

वसमतला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर करीममामूंचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तुम्ही सायकल घेऊन गेलात तर मामू तुमच्याकडे बघणार नाहीत. ते सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी करतात, पुढ्यात उकिडवे बसतात आणि तिलाच विचारतात, "काय तकलीफ?"

आपण मध्येच म्हणालो, "मामू, चेन उतरते," की मान न वळवता उत्तर येतं, "तुला कोन विचारलं? तिला बोलू दे."

मग चाक फिरवायचं आणि कान लावून बसायचं. एकदा कचेरीतले एक जाडजूड साहेब मुलीची शाळेची सायकल घेऊन आले. मामूंनी चाक फिरवलं, ऐकलं आणि म्हणाले, "ही म्हनून राहिली, पोरगी हलकी हाय. सकाळी फिरायला कोन नेतंय मला?" साहेब इकडेतिकडे बघू लागले. रिमचा पार चिवडा झाला होता.

मामूंच्या लेखी माणसांना नावं नाहीत. कोणी 'ढिली चेन', कोणी 'मागचा ब्रेक'. मला ते 'कोल्हापूर' म्हणतात. मी चंदगडचा. तिथून कोल्हापूर लांब, गोवा जवळ, हे मी त्यांना चार वेळा सांगितलं. "बराबर हाय कोल्हापूर," ते म्हणाले.

माझं सांगायचं तर सातवीत शाळा सुटली. इकडची माणसं ऊस तोडायला आमच्या भागात जातात, मी उलटा इकडे आलो. ट्रकवर क्लीनर होतो. हळद भरायला वसमतला आलो आणि हळदीच्याच गावात काविळीने पिवळा होऊन पडलो. ट्रकला थांबायला वेळ नव्हता. डॉक्टर मॅडमनी दवाखान्यात ठेवून घेतलं, बरं केलं आणि "आता इथंच राहा" म्हणाल्या. आठ वर्षं झाली. झाडलोट, जनरेटर, पेशंटचे नंबर लावणं, सगळं मी बघतो. मागची खोली राहायला आहे. हे सगळं एक दिवस हातून जाईल अशी धास्ती मला रोज असते. मॅडमनी नुसतं "जरा इकडे ये" म्हटलं तरी मी मनात बोचकं बांधायला लागतो.

या दसऱ्यानंतर दहा दिवस तर ते बोचकं मनात बांधलेलंच राहिलं.

मॅडम लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "दसऱ्याला मशिनींची पूजा तेवढी कर." मी खंडेनवमीलाच कामाला लागलो. जनरेटर धुतला, बीपीच्या मशिनीला झेंडू वाहिला. अडगळीत भिंतीला मॅडमच्या वडिलांची जुनी सायकल टांगलेली होती. चाकं गेलेली, नुसती फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा चिमटा. तीही खाली काढली. ते वडील ढोरांचे डॉक्टर होते. त्यांचीही वस्तू उजळावी असं मनात आलं. मॅडमनी माझ्यासाठी इतकं केलं, आपण त्यांच्यासाठी काय केलं?

गेट रंगवून उरलेला हिरवा ऑइलपेंट होता. ब्रश घेऊन बसलो आणि दोन हात मारले. वाळल्यावर वरच्या दांडीवर पांढऱ्या रंगात लिहिलं, 'बाबांचा आशीर्वाद'. ट्रकवर असतं तसं. हार घातला, लिंबू बांधलं आणि लांबून बघून मला भरून आलं.

चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाजात कधी नव्हे तो उत्साह होता.

"अरे, बाबांची सायकल आहे ना अडगळीत? तिला हात लावू नकोस हं. इथं एक जुन्या सायकली ओळखणारे गृहस्थ भेटले. जुना फोटो बघून म्हणाले, ही खरंच इटलीची असू शकते. पण मूळ रंग, नंबर, सगळं बघावं लागेल."

मी फोन कानाला धरूनच अडगळीच्या दाराकडे बघितलं.

"बाबा सांगायचे, सरकारनं इटलीला ट्रेनिंगला पाठवलं होतं, तिथून पैसे साठवून आणली. गावात कुणी विश्वास ठेवला नाही. दादा तर अजून म्हणतो, बाबांच्या थापा. दिवाळीला तो येतोय. खरं काय ते त्याच्यासमोर ठेवायचंय मला. सायकल नीट आहे ना?"

"होय मॅडम," मी म्हणालो. "जशीच्या तशी."

फोन ठेवला आणि हिशेब मांडला. सायकल खरी निघाली तर मी मेलो. खोटी निघाली तर मॅडमचे बाबा दुसऱ्यांदा मेले. मधला रस्ता दिसेना. मॅडम यायला दहा दिवस होते.

फ्रेम चादरीत गुंडाळून मी करीममामूंकडे गेलो. चादर बाजूला केली. मामूंनी बराच वेळ बघितलं.

"दवाखान्याच्या गेटला चिमटा कदी लावला रे?"

मी हात जोडले. सगळं सांगितलं. मॅडमच्या वडिलांचं नाव निघालं तेव्हा मामूंच्या हातातला पाना खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. त्यांनी वरच्या दांडीवरची अक्षरं वाचली.

"अक्षर चांगलं हाय," म्हणाले. "अकलेचं नंतर बघू."

एका बोटावर फ्रेम उचलली. नखाने टिचकी मारली, कानाशी धरली. आपल्या सायकलीची नळी 'ठक' वाजते, ही मंदिरातल्या लहान घंटेसारखी वाजत राहिली.

"इटलीची आहे का मामू?"

"लोखंडाला वतन असतंय. पन ते एका दिसात सांगत न्हाई. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी मामूंनी आपल्याकडची सीटची दांडी फ्रेमच्या नळीत घातली. ती आत ढिली होऊन हलायला लागली. "नाप आपलं न्हाई," मामू म्हणाले. म्हणजे खरी? मला घाम फुटला. "नाप चीनवाल्याचंबी येगळं असतंय. उद्या ये." म्हणजे खोटी? पुन्हा घाम.

तिसऱ्या दिवशी ते खालच्या नळीकडे वळले. पायडलचा दांडा जिच्यात फिरतो ती आडवी नळी. तिच्या दोन्ही टोकांना आट्यांच्या वाट्या आवळलेल्या असतात. आपल्याकडच्या सायकलीत डावी वाटी बाटलीच्या झाकणासारखी उघडते आणि उजवी बरोबर उलटी. हे मेकॅनिकच्या हातालाच माहीत असतं, डोकं लागतच नाही. मामूंनी उजव्या वाटीला पाना लावला आणि सरळ, झाकणासारखा फिरवला. कुरकुर करत वाटी सुटली.

"दोनी बाजू सुलट्या," मामू हळू म्हणाले. "हे इटलीवाल्याचंच."

"पण मामू, नंबर? पुण्याच्या माणसाला नंबर हवाय."

"नंबर कोनीबी ठोकतंय. आटे कोन ठोकनार?"

एवढं बोलून ते वाटी तळहातावर घेऊन बसले. गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं, निघून गेलं. भर दुपारी मामूंनी शटर ओढलं. तब्येतीने पिवळा पडलेला माणूस मी ओळखतो. मामू तसे दिसत होते. मला वाटलं, फ्रेमची काहीतरी मोठी खराबी सापडली, आणि ती माझ्या रंगामुळेच झाली.

तिथून पुढे मामू फ्रेम दाखवेनात. दुकानाच्या मागच्या भागात गोणपाटाचा पडदा लावला होता.

"मामू, बघू तरी द्या."

"झोपलीय ती."

"मामू, मॅडम बुधवारी येणार!"

"येऊ दे. काहून घाबरून राहिला? चहा सांग."

मी चहा सांगायचो. चहा पिताना मामू एखादी गोष्ट सांगायचे, की चिमट्याच्या नळीत खालून करंगळी घातली तर आत पीळ दिलेल्या धारा हाताला लागतात, हे काम फक्त तिकडचेच लोक करतात. मग एकदम, "पन अजून एक गोष्ट बघायची राहिली. उद्या ये." फ्रेम विकली तर नाही यांनी, असंही एकदा मनात येऊन गेलं. लगेच स्वतःच्या तोंडात मारून घेतली. रोज संध्याकाळी मॅडमचा फोन, रोज माझं "जशीच्या तशी". खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला रोज तेच खोटं बोलावं लागलं की जेवण जात नाही. कमरेचा पट्टा एक भोक आत गेला.

मॅडम बुधवारऐवजी मंगळवारी सकाळीच आल्या. मी दवाखान्यात नव्हतो, मामूंच्या दुकानात गयावया करत होतो. मॅडमची गाडी समोर थांबली. मी मामूंच्या पंपामागे सरकलो.

"हा इथंच असेल असं शेजारी म्हणाले," मॅडम म्हणाल्या. "सायकल कुठंय?"

मामूंनी गोणपाट बाजूला केलं.

फ्रेम हिरवी नव्हती. ती डाळिंबी होती. जुना, कुठे कुठे उडालेला, पण आतून उजेड असल्यासारखा डाळिंबी रंग. बाजूच्या डब्यात हिरव्या पापुद्र्यांचा ढीग होता. बांबूच्या दोन कामट्या होत्या, खोबरेल तेलाची बाटली होती. आणि मामूंची दहाच्या दहा नखं हिरवी होती. थिनरने तासाभरात काम झालं असतं, पण थिनरने खालचा रंगही नेला असता. म्हणून मामूंनी बोटभर बोटभर करत सहा दिवस ती खरवडली होती. मी खाली पॉलिश पेपर मारला नव्हता, जुन्या वंगणावरच रंग फासला होता, म्हणून तो सुटला. माझा आळस कामी आला.

मॅडमनी दांडीवरून हात फिरवला. "खरी आहे?"

"खरी. इटलीची. वाटीचे आटे, चिमट्याची नळी, नाप, समदं तिकडचं. खाली नंबरबी हाय. जराशी धूळ होती, ती काढली."

मामू माझ्याकडे बघत नव्हते. माझा जीव भांड्यात पडला. वाचलो.

"म्हणजे बाबा खरं सांगायचे," मॅडम म्हणाल्या.

"डॉक्टरसाब खरंच सांगायचे. लबाडी माझी होती."

मामू उकिडवे बसले. उजव्या बाजूची वाटी त्यांनी मॅडमच्या हातात दिली. तिच्या कडेवर छिन्नीचा खोल घाव होता.

"हा माझ्या हातचा. तवा वीस-बावीसचा होतो. डॉक्टरसाब सायकल घेऊन आले, म्हनले, करीम, इटलीची हाय, आतून खरखर करते. इटली म्हनल्यावर मोंढ्यातली दहा मानसं गोळा झाली. मी उजव्या वाटीला पाना लावला आन् सवयीनं उलटा फिरवला. ती सुटंना, उलट आवळून बसली. पान्याला पाइप लावला, छिन्नी मारली. मानसं हसायला लागली. मग मला बी राग आला. म्हनलं, आटे मेलेले हायत, इटली-फिटली काही न्हाई, हैदराबादचा डुप्लिकेट माल हाय. मानसं मग डॉक्टरसाबला हसली."

मॅडमनी अंगठ्याने तो घाव चाचपला.

"दोन सालानं हैदराबादला उस्तादाकडं लागलो. तितं रेसची सायकल आली. पुन्हा मी उलटा पाना मारला. उस्तादानं ठेवून दिली एक. म्हनला, अरे, ये इटली का माल है, दोनों तरफ सीधा खुलता. तवा कळलं. पन तवर गावात डॉक्टरसाबचं हसं झालेलं होतं."

एवढा मोठा माणूस उकिडवा बसून इतक्या वर्षांचं बोलतो आणि मी पंपामागे लपतो, हे मला बरं वाटेना. माझं तोंड आपोआप उघडलं.

"मॅडम, ती धूळ नव्हती. मी रंगवली होती. दसऱ्याला. गेटच्या रंगानं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "मागच्या ओट्यावर अख्खी हिरवी सायकल उमटलीय. रंग देताना खाली कागद घालतात, एवढं तरी आठ वर्षांत शिकायचं होतंस."

"खोली रिकामी करू?"

"ओटा घास."

मग त्यांनी मोबाइल काढला, दादांना लावला आणि मामूंपुढे धरला. "माझं तो ऐकत नाही. तुम्ही सांगा."

मामू मोबाइलला हात लावत नाहीत. त्याला बॉल-बेअरिंग नाही, त्याचा भरोसा काय, म्हणतात. त्यांनी हिरवी नखं लुंगीला पुसली, फोन दोन्ही हातांनी धरला, कानापासून जरा लांब.

"साहेब, मी करीम. सायकलवाला. तुमचे वालिद, डॉक्टरसाब, खरं बोलायचे. खोटं मी बोललो होतो."

मग सगळं पुन्हा सांगितलं. पाना, पाइप, छिन्नी, माणसं. एक शब्द गाळला नाही. मग दादांनी काहीतरी विचारलं. मामूंनी मान हलवली, जणू तिकडून ते दिसणार होतं.

"न्हाई साहेब. डॉक्टरसाब कदी येक शब्द बोलले न्हाईत मला. रोज इतूनच जायचे. मागच्या चाकात हवा कमी असायची, मला हितून दिसायचं. पंप घेऊन मी दाराशी उभा राहायचो, साहेब. पन हाक मारायची हिंमत न्हाई झाली."