सगुणाबाईंच्या फिती उतरवावयास यंत्र निवडिले त्याची हकीकत

श्री. जे गेले त्यांस नमन आणि जे मागे राहिले त्यांस धीर लाभो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, चैत्रमासी वर्तमान जाहले ते ऐसे जे, नदीकाठी एक लहानशी दौलत होती, तिचे नाव सांगावयाचे प्रयोजन नाही, आणि तेथे निळकंठराव म्हणून धनी होते. दौलत म्हणावी तर खाली फोटो स्टुडिओ, तोही सांप्रत बंद, आणि वर राहावयाच्या खोल्या, परंतु रावांचा दरारा सरदाराचा. उमेदीच्या काळी रावांनी खांद्यावर कॅमेरा घेऊन पंचक्रोशीची लग्ने टिपिली, आणि फीत उरली की घरी येऊन राणीसाहेब सगुणाबाईंस टिपावे, आणि बाईंनी पदर तोंडास लावून रागे भरावे, ऐसा परिपाठ होता. मग बाई तापाचे निमित्त होऊन निवर्तल्या, आणि त्यांचे बोलणे चालणे जे काही उरले ते त्या व्हिडिओ कॅसेटींत उरले, आणि कॅसेटींची पेटी खाली स्टुडिओत राहिली.

रावांस कन्या इंदूताई, त्या दौलतीतच राहून शाळेत शिकवीत, आणि धाकटे राव जयसिंग, ते मोठ्या शहरी संगणकाच्या चाकरीस. चैत्रात रावांनी जयसिंगांस फोन करून आज्ञा केली, “जया, तुझ्या आईच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घे बाबा. एकदा डोळे भरून बघाव्या म्हणतो.” जयसिंग बोलिले, “आबा, घेतो. पण तोवर त्या व्हीसीआरला लावू नका. जुन्या फिती आहेत, दर वेळी झिजतात. एकदाच फिरवू आणि तेव्हाच उतरवून घेऊ.” राव म्हणाले, “बरं. तू म्हणशील तसं.” व्हीसीआर चालता होता आणि जुना टीव्हीही होता, मनात येते तर राव त्याच संध्याकाळी बाईंस पाहते, परंतु लेकाचा शब्द त्यांनी आज्ञेसारखा पाळिला.

मग जयसिंगांनी यंत्र निवडावयाची मसलत आरंभिली. प्रोसेसर ऐसा पाहिजे की फीत चालू असता यंत्र क्षणभर अडखळू नये, आणि मेमरी भरपूर पाहिजे, आणि हार्ड डिस्का दोन पाहिजेत, एक बुडाली तर दुसरीवर बाई शाबूत राहाव्या, आणि कॅप्चर कार्ड, म्हणजे फितीवरचे चित्र संगणकात घेणारी पट्टी, ती ऐसी पाहिजे की जुन्या फितीचे थरथरते चित्रही सांभाळून घेईल. ते कार्ड परमुलखातून यावयाचे, त्यास विलंब लागला, आणि तोवर नवा प्रोसेसर निघणार ऐसी बातमी आली, आणि जयसिंगांनी पहिला बेत मोडून दुसरा केला. आईची एक हालचाल गळता कामा नये, ऐसे ते स्वतःस सांगत. आणि खरे पाहता त्यांस त्या निवडीत सुख वाटू लागले होते, कारण यंत्र निवडीत होते तोवर आई अजून यावयाची होती.

आषाढात इंदूताईंचा फोन आला, “जया, जे मिळेल ते यंत्र घेऊन ये. जुनं वापरलेलं आण, पण ये.” जयसिंग म्हणाले, “ताई, तुला त्यातलं कळत नाही. घाईनं वाटोळं होईल.” ताई म्हणाल्या, “मला त्यातलं नाही कळत, खरं आहे,” आणि फोन ठेविला. त्यांनी अधिक का सांगितले नाही ते जयसिंगांस त्या वेळी उमगले नाही. रावांनी ताईंस आईची शपथ घातली होती. त्या साली पाऊस फार जाहला आणि स्टुडिओच्या भिंतींस ओल चढली.

दिवाळीस जयसिंगांची स्वारी यंत्र घेऊन दौलतीत आली. काळी पेटी, आत निळे दिवे, पंख्याचा आवाज नाही, ऐसे देखणे यंत्र. जयसिंगांनी ते बैठकीत मांडून चालू केले आणि अभिमानाने विचारिले, “आबा, कसं आहे?” राव खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “फारच छान रे.” यंत्र खिडकीकडे नव्हते. जयसिंगांनी रावांच्या डोळ्यांपुढे हळूच हात हालविला, पापणी लवली नाही. “कधीपासून?” त्यांनी ताईंस विचारिले. ताई म्हणाल्या, “काचबिंदू. चैत्रात डॉक्टरांनी सांगितलं, काय बघायचं ते आत्ताच बघून घ्या. श्रावणापासून काहीच दिसत नाही.” आणि राव म्हणाले, “त्याला बोलू नकोस. इतक्या मायेनं करत होता, घाई कशी करणार? आणि आवाज आहे की. मला तिचा आवाज ऐकव, जया.”

मग जयसिंगांनी कॅसेट लाविली, आणि पडद्यावर सगुणाबाई आल्या. अंगणात बसून घेवडा निवडीत आहेत, नाकातली मोरणी उन्हात चमकते आहे, आणि वर पाहून काही बोलत आहेत. चित्र ऐसे स्वच्छ की कोठे अडखळले नाही. परंतु आवाज म्हणून नुसती खरखर. फितीवरचा आवाज तिच्या कडेच्या बारीक पट्टीत असतो, आणि ओल लागून ती कड चुरगळली होती.

राव म्हणाले, “लावलीस का?”

“लावली, आबा.”

“मग ती बोलत का नाही?”

जयसिंगांनी दुसरी कॅसेट लाविली, तिसरी लाविली, पेटी रिकामी होईतो लाविल्या. एकीतच आवाज शाबूत निघाला, तीत कोणाच्या वरातीचा बँड होता, बाई नव्हत्या. तेव्हा जयसिंग रावांच्या पायांशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. रावांनी चाचपडत त्यांच्या मस्तकी हात ठेविला आणि म्हणाले, “पुन्हा लाव. तू बघ आणि मला सांग. साडी कुठली आहे?”

“हिरवी. काठ पिवळा.”

“ओठ हलतात?”

“हलतात.”

“हसून बोलते की चिडून?”

जयसिंगांनी डोळे पुसून निरखून पाहिले आणि म्हणाले, “आधी चिडून, आबा. मग हसते.”

“हां,” राव म्हणाले.

सारांश, यंत्र उत्तम निवडिले, यात कोणाचे दुमत नाही, जाणत्यांनीही पुढे वाखाणिले. राव माघात निवर्तले. तोवर जयसिंग दर आदितवारी येऊन पडद्यापुढे बसत आणि दिसेल ते सांगत, आणि राव ऐकत. आवाज परत आणावा म्हणून जयसिंगांनी पुष्कळ यत्न केले, यश आले नाही. पेटी इंदूताईंनी वरच्या खोलीत नेऊन ठेविली, तेथे ओल नाही. जाहले तैसे लिहिले, अधिक लिहावयास हात चालत नाही. इति.