मोठ्या बाबांचा व्हेटो

वांग्याच्या भाजीवर व्हेटो पडल्याचं आमच्या घराखेरीज अख्ख्या वऱ्हाडात कुठं ऐकिवात नाही. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, पाटावर बसत, वांग्याकडे बघत, उजवा हात उचलत आणि म्हणत, "नामंजूर." मग बाकीच्यांनी दोन तृतीयांश मतांनी व्हेटो फिरवला, तरच वांगं त्यांच्या ताटात पडे. तो दर वेळी फिरवला जाई आणि मोठे बाबा दर वेळी ताट चाटूनपुसून साफ करत.

वाशीमच्या कचेरीबाहेर बसून ते लोकांचे अर्ज लिहून देत. बदली झालेल्या एका गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात लोणच्याच्या बरण्या घ्यायला गेले, आणि बरण्यांसोबत अमेरिकेच्या राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक घेऊन आले. तेव्हापासून देशावर राज्य इंग्रजांचं आणि आमच्या घरावर अमेरिकेचं. मोठे बाबा प्रेसिडेंट. आजी, मोठी आई, माझे आईवडील आणि मी मिळून काँग्रेस. खादीवाली नव्हे, अमेरिकेतली. मी तेव्हा मॅट्रिकला तिसऱ्यांदा बसत होतो. माझं मत जगात दुसरीकडे कुणीच विचारत नसल्यामुळे या राज्याचा माझ्याइतका निष्ठावंत नागरिक नव्हता.

"सत्ता एका हाती राह्यली का माजते," असं मोठे बाबा उठताबसता म्हणत. म्हणून तुपाची बरणी मोठ्या आईच्या ताब्यात आणि चमचा आजीच्या. दोघींचं जमलं तरच तूप. दोघींचं कधी जमलंय? आम्ही कोरडा वरणभात गिळत राहिलो. शेवटी मोठी आई म्हणाली, "भाकर थंडी होऊन राह्यली. तुमचा कायदाच खा आता गरम गरम."

मोठ्या बाबांची एकुलती एक मुलगी कुसुम तेवढी संध्याकाळी ओसरीवर बसून सगळं ऐकून घ्यायची, वर शंकाही विचारायची. सिनेट म्हणजे काय हे तिला कळलं होतं. मला अजून कळायचं आहे.

तिला खंडव्याच्या रेल्वेतल्या एका कारकुनाचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली, आणि पाहुणे गेल्यापासून कुसुम उगाचच गुणगुणत होती. मोठ्या बाबांनी हात उचलला.

"नामंजूर."

"काहून?" मोठ्या आईनं विचारलं.

मुलगा चहा बशीत न ओतता कपानंच पितो, अशी माणसं उतावळी असतात, असं काहीसं ते बोलले. खंडवा लांब पडतं, हे त्यांनी हळूच मागाहून जोडलं.

मोठ्या आईनं तिथल्या तिथं काँग्रेस भरवली. ती, माझी आई आणि मी स्थळाच्या बाजूनं. आजी लेकाच्या बाजूनं, वडील भावाच्या. पाचांत तीन हात. दोन तृतीयांशाला चार लागतात. व्हेटो कायम. कुसुम दाराआड उभी होती. तिला मत नव्हतं.

जिंकलेल्या माणसानं उठून जावं. मोठे बाबा बसूनच राहिले. दाराकडे बघत त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. मग घसा खाकरून म्हणाले की घटनेत एक दुरुस्ती करायची आहे, आजपासून कुसुमलाही मत. विरोध करायचं कुणाला सुचलंच नाही. पुन्हा मतदान. आता माणसं सहा, तरी हात लागणार चारच. आमचे तीन वर गेले. कुसुमचा पदराशी चाळा करत राहिला.

"कर ना वर, बाई," मोठे बाबा म्हणाले. "प्रेसिडेंटले भ्यायचं नसते."

तिनं हात वर केला. कोर्टातल्या पट्टेवाल्यासारखा पुकारा करत त्यांनीच जाहीर केलं, व्हेटो रद्द.

आजीला हा प्रकार काही उमगेना. "सोताच्याच हातानं हरला ना रे तू? मंग आता तोंड काहून उतरलं?"

"हरल्याचं काही नाही, आई," ते म्हणाले. "अमेरिकेत जो प्रेसिडेंट हरते तो घर सोडून जाते. आपल्या इथं जिंकली तेच चालली."