अडलं तं फोन करजो

"आधी खुर्चीवर नीट बसावं. हात धुतले काय? नाही, तं धुऊन यावं."

धानाच्या पावत्या बनवणाऱ्या प्रोग्रामचं नाव टाइप करून पुढे तिरपी रेघ आणि प्रश्नचिन्ह दिलं, की काळ्या पडद्यावर ही अशी मदत उमटायची. अक्षरं इंग्रजी, पण भाषा अस्सल आमच्या झाडीपट्टीची. बाकीचे प्रोग्रामवाले अशा ठिकाणी चार ओळींत आटपतात. रेखलाल पटल्यांची मदत वाचता वाचता चहा थंड व्हायचा.

रेखलालभाऊ गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. हा प्रोग्राम त्यांनीच लिहिला आणि कोहमारा, केशोरी अशा सगळ्या खरेदी केंद्रांवर पाठवला. केशोरीच्या संगणकावर मी बसायचो. भाऊ मिलच्या मागच्या खोलीत एकटे, घरीही एकटेच. लग्न राहूनच गेलेलं. कुणी काही विचारलं की मात्र माणूस खुलायचा. "इचार ना बाप्पा, इचारून कोनी मरते काय?" हे त्यांचं पालुपद.

एकदा कोहमाऱ्याच्या धाब्यावर आम्ही चहा पीत होतो. एका जीपवाल्याने भाऊंना नागझिऱ्याचा रस्ता विचारला. बिचाऱ्याला काय ठाऊक! भाऊंनी वळणं सांगितली, बैल आडवे आले तर काय करायचं ते सांगितलं, वाघ नाहीच दिसला तर मनाची समजूत कशी घालायची तेही सांगितलं. तरी समाधान होईना, म्हणून जीपमध्येच चढले. त्याला गेटपर्यंत पोचवून धानाच्या ट्रकमध्ये बसून परत आले. "चुकला असता ना बेटा!" मी तोवर जेवणही उरकून त्यांच्या नावाने बोटं मोडत होतो.

प्रोग्राममधल्या मदतीत मात्र एक गोम होती. वीज गेली तर काय करावं ("वाट पाहावी. मंग आंगनात जावं.") इथपर्यंत सगळं सविस्तर. पण चुकलेली पावती रद्द कशी करायची, हे आलं की एकच ओळ: "यासाठी रेखलालले फोन करजो." वजन दुरुस्त करायचं? "फोन करजो." केला, की आधी केशोरीचं ऊनपाणी, मग माझ्या डब्यातल्या भाजीची चौकशी, मग कधीतरी उत्तर.

ऐन हंगामात मिलचा फोन दिवसभर अडकलेला. शेठजी भडकले. "पटलेजी, सब कुछ उसी में लिख दो, नहीं तो नागपुर से दूसरा प्रोग्राम मंगवाता हूं."

भाऊंनी लिहिलं, आणि जीव ओतून लिहिलं. सोबत चालायची मनाई झाली, तेव्हा त्यांनी अख्खी वाटच लिहून काढली. कुठलं बटन, कुठली चूक, चुकीतली चूक. मग कुणीच अडेना. शेठजी खूश झाले.

काही दिवसांनी कामासाठी गोंदियाला गेलो, तर भाऊ मागच्या खोलीत रिसीव्हर कानाला लावून बसलेले.

"कोनासंगं बोलून राहिले जी?"

"कोनासंगं नाही. फोन चालू हाये का, ते पाहून राहिलो."

त्यांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. मला फार वाईट वाटलं. काम चोख केल्याची अशी शिक्षा मी दुसऱ्या कुणाला झालेली पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी केशोरीहून फोन लावला. पहिली घंटी पुरती वाजायच्या आत उचलला.

"भाऊ, पावती रद्द कशी करावी जी?"

"मदतीत लिवलं हाये ना! काऊन नाही वाचलं?"

"वाचलं जी. पर डोक्यात नाही शिरलं."

उत्तर माझ्यासमोर पडद्यावरच होतं, शेंबड्या पोरालाही कळेल असं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भाऊंनी पार पहिल्यापासून सांगायला घेतलं. मिलच्या घरघरीतूनही त्यांचा आवाज कसा फुलून येत होता! मी एकही बटन न दाबता "हो जी, हो जी" करत राहिलो.

"झाली रद्द?"

"झाली जी."

"कोन्या नंबरची होती?"

आता पावतीच नव्हती, तर नंबर कुठला आणू? मग भाऊच खाकरून हळूच म्हणाले,

"बरं, उद्या काय इचारशीन?"